भुकेचा उतार

या, जवळ या. भिंतीला टेकून बसलेल्यांनीही थोडं पुढे सरका, म्हणजे मला आवाज चढवावा लागणार नाही. आज एक गोष्ट सांगतो. ती अजून घडलेली नाही, आणखी सात-आठ वर्षांनी घडेल. पण घडून गेल्यासारखीच सांगतो. कीर्तनाला बसायची सवय असली की काळाचं फारसं बंधन राहत नाही. बुवा आपल्याला द्वापारातल्या गोकुळात नेतात आणि आपण सतरंजीवरून न उठता जाऊन येतो. मग सात-आठ वर्षं पुढे जाणं ते काय!

कीर्तनात आधी पूर्वरंग असतो. तत्त्व नीट समजलं, की पुढचं आख्यान गोड लागतं. आपल्या गोष्टीतलं तत्त्व भुकेचं आहे.

भूक लागते म्हणजे काय होतं? पोट रिकामं व्हायला लागलं, की जठराच्या वरच्या भागातून एक संप्रेरक रक्तात उतरतं. घ्रेलिन त्याचं नाव. ते मेंदूकडे निरोप घेऊन जातं, की बाबा, खायचं बघ. जेवण झालं की अर्ध्या-पाऊण तासात त्याचं प्रमाण खाली येतं. हे शास्त्रज्ञांना बरीच वर्षं ठाऊक होतं. त्याचा जरासा अंश लाळेत उतरतो, हेही ठाऊक होतं. पण तो अंश इतका बारीक, की मोजायचा तर प्रयोगशाळा हवी आणि दिवस घालवायला हवा.

पुण्याच्या डॉ. मेघना सातपुते यांनी ते काम चमच्यात बसवलं. चमच्याच्या खोलगट भागात एक पातळ पडदा, आणि त्या पडद्यावर असे रेणू, की ते फक्त घ्रेलिनलाच धरून ठेवतील. लाळेतलं घ्रेलिन त्यांना चिकटलं की पडद्यावरचा विद्युतभार किंचित बदलतो आणि दांड्यावरच्या छोट्या काचेत आकडा उमटतो. शून्य म्हणजे पोट तुडुंब. शंभर म्हणजे पोटात नुसता खड्डा. कागदोपत्री त्याला भूकांक म्हणत. मुलं म्हणत, भुक्या चमचा.

आता या चमच्याचा आणि शाळेच्या खिचडीचा संबंध काय? शाळांतल्या दुपारच्या जेवणाचा ठेका निविदा मागवून दिला जायचा, आणि जो कमी दर भरेल त्याचं घोडं पुढे. मग आमटीत डाळ शोधावी लागायची. सातपुतेबाईंना ते सहन होईना. त्यांनी सरकारला पटवलं, की दर बघू नका, पोट बघा. जेवणाआधी मुलानं चमचा चाटायचा, जेवून अर्ध्या तासानं पुन्हा चाटायचा. दोन आकड्यांतली वजाबाकी म्हणजे भुकेचा उतार. ज्याच्या जेवणानं उतार जास्त, त्याला ठेका. घरून कुणी कमी खाऊन येतं, कुणी जास्त. म्हणून प्रत्येक मुलाची तुलना त्याच्या स्वतःशीच. न्याय्य आहे की नाही? मलाही तसंच वाटलं असतं.

झाला पूर्वरंग. आता चला तासगावच्या पुढे, द्राक्षबागांच्या मुलखात, बोरवडे नावाच्या गावी.

बोरवड्याच्या शाळेत मुक्ताई बचत गटाच्या सात बायका अकरा वर्षं जेवण रांधत होत्या. त्यांच्या म्होरक्या शेवंताबाई कोळेकर. पन्नाशी ओलांडलेल्या, आवाज मोठा, हात त्याहून मोठा. गावात कीर्तन असलं की पहिल्या रांगेत बसायच्या आणि बुवांना मध्येच विचारायच्या, "आन् मग त्या गाईचं काय झालं, महाराज?" बुवा गाय विसरलेले असायचे.

कागदपत्रांचं सगळं त्यांची सून दीपाली बघायची. वाणिज्य पदवीधर, नवरा ओमानला. गटाच्या निविदेचं सगळं तिनं तीन आठवडे खपून तयार केलं होतं. जिंकलं तर सात घरांच्या चुली चालू राहणार होत्या, हरलं तर सातही जणी पुन्हा बागेत विरळणीला. विरळणी म्हणजे वेलीखाली मान वर करून दिवसभर घडातले मणी कात्रीनं काढणं. पन्नाशीच्या बाईची मान संध्याकाळी खाली येत नाही.

निविदा भरण्याआधीची बैठक पंचायत समितीच्या सभागृहात झाली. समोर एकच प्रतिस्पर्धी होता, तालुक्याच्या एमआयडीसीतली एक मोठी कंपनी. तिचे व्यवस्थापक सौरभ मगदूम इस्त्रीच्या शर्टात आले होते. सातपुतेबाई स्वतः चमचा घेऊन आल्या होत्या. "कुणाला करून बघायचाय?"

शेवंताबाई उठल्या. "मला द्या. आज एकादशी हाय माझी."

चमचा चाटला. काचेत आकडा आला, चौऱ्याऐंशी.

"अगं बया! ह्याला तर सगळंच कळतं!" सभागृह हसलं. शेवंताबाई मात्र चमचा उलटासुलटा करून बघत राहिल्या. "बाई, एक इचारू का? मी कीर्तनाला बसले, की तीन-तीन तास भूक म्हणून लागत न्हाई. ते ह्याला दिसंल का?"

सातपुतेबाई खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसल्या. असे प्रश्न विचारणारी माणसं त्यांना आवडत. "घ्रेलिन तर वाढतच असणार. पण मन दुसरीकडे गुंतलं, की मेंदू निरोप ऐकत नाही. चमचा निरोप मोजतो. ऐकला की नाही, ते मोजत नाही."

"म्हंजे भूक असती, आन् माणसाला कळत न्हाई."

"किंवा कळते, आणि माणूस सांगत नाही."

शेवंताबाईंनी चमचा परत दिला. "हां. आसं बी असतं."

चाचणी दोन आठवड्यांची होती. पहिला आठवडा कंपनीचा, दुसरा गटाचा. एकाच्या आठवड्यात दुसऱ्यानं शाळेच्या आवारात पाऊल टाकायचं नाही, असा नियम. कंपनीच्या गाडीतून गरम डबे यायचे, पोरं जेवायची, चमचा चाटायची. आठवड्याचा सरासरी उतार आला सत्तेचाळीस.

"सत्तेचाळीस?" गटातल्या हौसाबाई हसल्या. "आमच्या मसुरीच्या आमटीला साठ पडतील. बघाच तुम्ही."

सोमवारी गटाचा पहिला दिवस. मसुरीची आमटी, भात, मेथीची भाजी. पोरांनी ताटं चाटूनपुसून ठेवली. अर्ध्या तासानं चमचे फिरले, दीपालीच्या टॅबवर आकडा आला.

एकतीस.

हौसाबाईंचा चेहरा उतरला. "मशीन बिघडलं."

मशीन बिघडलं नव्हतं. आकडे सगळ्यांना खुले असायचे; दीपालीनं दोन्ही आठवड्यांचे शेजारी शेजारी मांडले आणि बघता बघता तिच्या हाताचं बोट थांबलं. जेवणानंतरचा आकडा गटाचा चांगला होता, वीस. कंपनीचा सत्तावीस. म्हणजे पोट गटानंच जास्त भरलं होतं. घोळ जेवणाआधीच्या आकड्यात होता. कंपनीच्या आठवड्यात मुलं चौऱ्याहत्तरवर जेवायला बसली होती. गटाच्या सोमवारी एक्कावन्नवर.

"आत्या," तिनं सासूला हाक मारली, "आपण सकाळी लाह्या वाटतो ना."

आता या लाह्यांचं सांगायला हवं. त्या बागांच्या मुलखात हंगामात आया पहाटेच कामावर जातात. पोरं आपली आपण उठून, अंघोळ करून, न खाताच शाळेत येतात. अकरा वर्षांपूर्वी शेवंताबाईंनी एकदा फाटकाशी उभं राहून एका पोराला विचारलं होतं, "काय रं, खाऊन आलास का?" पोरगं म्हणालं, "व्हय." त्याच्या चेहऱ्यावरून कळलं, की नाही. दुसऱ्या दिवशी त्या ज्वारीच्या लाह्या आणि गुळाचा खडा घेऊन उभ्या राहिल्या. "प्रसाद हाय, घ्या रं समद्यांनी." प्रसाद म्हटला की श्रीमंताचं पोर हात पुढे करतं, गरिबाचंही करतं. कोण उपाशी आलंय हे कुणाला दिसत नाही. तेव्हापासून रोज प्रार्थना झाली, की प्रत्येकाच्या ओंजळीत लाह्या पडायच्या. चौथीतल्या शबानाची आई तर म्हणायची, "आमच्या पोरीला दोन ओंजळी द्या, देवाच्या आधी त्या ज्वारीच्या हायत."

ही गोष्ट निविदेत कुठेच नव्हती. जेवण किती वाजता, भाज्या कोणत्या, पाणी कुठलं, सगळं दीपालीनं लिहिलं होतं. लाह्या लिहायच्या राहून गेल्या होत्या असंही नाही. प्रसाद कुणी कागदावर घेतं का?

"साडेदहाला लाह्या खाल्ल्या, की साडेबाराला भूक तेवढी उरत नाही," दीपाली म्हणाली. "उंचावरून उतरायचंय आत्या, आणि आपण पोरांना आधीच निम्म्यावर आणून ठेवतोय."

शेवंताबाईंना ते लगेच समजलं. समजलं म्हणून त्या खाली बसल्या.

"मंग?"

"चारच दिवस. मंगळवार ते शुक्रवार. कंपनीच्या आठवड्यातही पाच दिवस लाह्या नव्हत्याच की. पोरांना काही झालं का?"

"ते मला कुठं ठावं? मला तर आत येऊ दिलं न्हवतं."

"आत्या, सात घरं आहेत."

शेवंताबाईंनी हौसाबाईंकडे पाहिलं. हौसाबाई पदराशी चाळा करत होत्या. गेल्याच महिन्यात त्यांच्या मानेचा पट्टा निघाला होता.

"बरं," शेवंताबाई म्हणाल्या. "चार दिस."

मंगळवारी प्रार्थना झाली. सवयीनं शहाऐंशी ओंजळी पुढे आल्या, आणि तशाच राहिल्या. दुसरीतली एक पोर, शिवन्या, शेवंताबाईंच्या पदराला धरून म्हणाली, "मावशी, आज देव रुसला का?"

"न्हाई गं. आज... आज लाह्या फुटल्याच न्हाईत."

खोटं बोलल्या. बाईंना खोटं बोलायची सवय नव्हती, म्हणून आवाज नको तेवढा मोठा निघाला.

उतार आला चोपन्न. गटाच्या बायकांनी टाळ्या पिटल्या. दीपालीच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या दिवशी सातपुतेबाई पाहणीला आल्या होत्या, त्याही खूश झाल्या. फक्त शेवंताबाई टॅबसमोर उभ्या राहून जेवणाआधीच्या आकड्यांची रांग बोटानं वाचत होत्या.

"बाई, हे त्र्याण्णव कुणाचं?"

"नाव नाही सांगता येणार. मुलांचे फक्त क्रमांक असतात. सतरा क्रमांक."

"नाव नगंच. पर माझ्या एकादशीला चौऱ्याऐंशी आलं होतं, आन् तवा मी आदल्या रातीला पोटभर जेवले होते. मंग लेकराचं त्र्याण्णव कशानं?"

सातपुतेबाईंनी आकडा मोठा करून पाहिला. मग मागच्या आठवड्याचे पाहिले. एक्क्याण्णव, चौऱ्याण्णव, नव्वद. बाई उताराची पाहणी करायला आल्या होत्या. जेवणाआधीचा आकडा त्यांच्या लेखी वजाबाकीपुरताच होता.

"बहुतेक," त्या हळू म्हणाल्या, "या मुलाचं शेवटचं जेवण म्हणजे कालचं इथलंच. दुपारचं."

"आन् आमच्या सोमवारी किती होतं?"

"सतरा क्रमांक... एकसष्ट."

शेवंताबाईंनी दोन्ही हात कपाळाशी नेले. नमस्कार केला, की डोकं धरलं, ते बघणाऱ्याला कळलं नाही.

बुधवारी प्रार्थनेनंतर फाटकाशी लाह्यांची पाटी होती. दीपालीनं ती लांबून पाहिली आणि धावत आली. "आत्या! ठरलं होतं आपलं!"

"ठरलं होतं. मी मोडलं."

"तुमचं पुण्य होतंय, आणि बागेत हौसामावशी जाणार. कळतंय का तुम्हाला?"

"पुण्याचं मला ठावं न्हाई, बाई. मला सतरा नंबर ठावा झालाय. आता ठावं न्हाई असं कसं करू?"

दीपाली आत गेली. आठवड्याचा सरासरी उतार पस्तीस-छत्तीसच्या मध्ये कुठेतरी आला. ठेका कंपनीला गेला.

त्यानंतर घरात सासू-सून कामापुरतं बोलायच्या. "दूध आलंय." "बरं." हौसाबाई पट्टा बांधून बागेत जाऊ लागल्या. जाताना शेवंताबाईंच्या दारावरून जायच्या आणि मुद्दाम मोठ्यानं म्हणायच्या, "प्रसाद खाऊन पोट भरलं बया आमचं!" शेवंताबाई ऐकून घ्यायच्या. स्वतः दुपारी बागेत जायच्या. पण सकाळी मात्र पाटी घेऊन शाळेकडे निघायच्या. ठेका दुसऱ्याचा, आवारात बंदी होती, म्हणून रस्त्याच्या पलीकडे लिंबाखाली उभ्या राहायच्या. रस्ता कंपनीचा नव्हता. पोरं तिकडून ओंजळ भरूनच फाटकात शिरायची.

आणि मग जे व्हायचं तेच झालं. कंपनीचा उतार घसरला. पहिल्या महिन्यात तीस. करारात अट होती, की सलग दोन महिने पस्तीसच्या खाली गेलं तर ठेका रद्द.

दुसऱ्या महिन्यात एका रविवारी सकाळी सौरभ मगदूम शेवंताबाईंच्या दारात आले. चपला बाहेर काढल्या, पाणी घेतलं. माणूस वाईट नव्हता. हाताखाली तीनशे कामगार होते, त्यांचीही घरं होती.

"मावशी, तुमच्याबद्दल आदर आहे. खरंच आहे. म्हणून तक्रार न करता आधी भेटायला आलो. कंपनीला इथे पर्यवेक्षक हवाय. तुम्ही या. गटातल्या बाकी सहा जणींनाही घेऊ. हौसाबाईंना बसून करायचं काम देऊ."

शेवंताबाईंनी मान हलवली. "आन्?"

"आणि एवढंच, की सकाळचं ते..." त्यांनी हातानं ओंजळ केली आणि सोडून दिली. "जेवणावर परिणाम होतो. आहारशास्त्राच्या दृष्टीनंसुद्धा, अधेमधे खाणं..."

शेवंताबाईंसमोर सात चुली होत्या, पुन्हा पेटवायला एक होकार पुरे होता. त्यांनी तोंड उघडलं, आणि खरं सांगतो, त्या काय म्हणणार होत्या ते त्यांनाही माहीत नव्हतं.

तेवढ्यात आतून दीपाली आली. हातात वही आणि पेन. तिनं ते मगदूमांपुढे ठेवलं.

"साहेब, लिहून द्या."

"काय लिहून देऊ?"

"हेच. की आमच्या कंपनीच्या आकड्यासाठी मुलांना साडेबारापर्यंत काही खायला मिळू नये. खाली सही करा. उद्यापासून आत्या लिंबाखाली दिसणार नाहीत."

मगदूमांनी पेन उचललं. मग ठेवलं. "असं कसं लिहिता येईल, ताई?"

"बोलता आलं की. लिहायला काय अडचण?"

मगदूम हसायला गेले, पण हसू पुरतं आलं नाही. चहा अर्धा ठेवून उठले. दारात चपला घालताना म्हणाले, "ताई, नियम आम्ही केला नाही."

"माहीत आहे," दीपाली म्हणाली. "ज्यांनी केला त्यांनाच लिहिते."

ते गेल्यावर शेवंताबाईंनी सुनेकडे पाहिलं. "तू तर माझ्याशी बोलत न्हवतीस."

"अजून नाहीच बोलत," दीपाली म्हणाली आणि टॅब उघडून बसली. "लाह्या किती वाजता वाटता तेवढं सांगा. नेमकं. मिनिटासकट."

तिनं पत्र लिहिलं. पत्र कसलं, आकड्यांचे दोन आलेख आणि खाली एकच प्रश्न. शेजारच्या गावात आणखी एका ठेकेदारानं जेवणाची वेळ साडेबाराची दीड केली होती आणि त्याचा उतार एकदम वाढला होता, तोही आलेख तिनं जोडला. प्रश्न असा होता: 'आदरणीय डॉक्टर मॅडम, आपला चमचा उतार मोजतो. पण मुलांना उंचावर चढवून ठेवणाऱ्यालाही त्याचे गुण मिळतात. हे आपल्याला ठाऊक आहे का?'

उत्तर पत्रानं आलं नाही. सातपुतेबाई स्वतः आल्या. सकाळी सव्वादहाला लिंबाखाली उभ्या राहिल्या, पोरांना लाह्या घेताना पाहिलं. मग एकेकाला चमचा द्यायला लागल्या, लाह्यांच्या आधी आणि नंतर. वहीत लिहिताना त्यांचा हात भराभर चालत होता, आणि चेहऱ्यावर ते कुतूहल होतं जे पहिल्या बैठकीत शेवंताबाईंच्या चेहऱ्यावर होतं.

"मला वाटलं होतं, भूक मुलं घरून घेऊन येतात," त्या शेवंताबाईंना म्हणाल्या. "ती त्यांची. आपल्याकडे फक्त जेवण. मी भूक गृहीत धरली, मावशी, आणि बक्षीस तिच्यावरच लावून बसले."

"चूक सगळ्यांची व्हती," शेवंताबाई म्हणाल्या. "मी बी एक दिस खोटं बोलले हाय पोरांशी."

नियम बदलायला वर्ष गेलं. कंपनीनं ते वर्ष पुरं केलं. पस्तीसची अट तात्पुरती थांबवली गेली. मगदूमांनी मग स्वतःहून गाडीतून सकाळी राजगिऱ्याचे लाडू पाठवायला सुरुवात केली, हेही सांगायला हवं. नव्या नियमात उताराला निम्मे गुण राहिले. बाकी निम्मे अकरा वाजताच्या आकड्याला, तो जितका खाली तितके जास्त. सकाळचं खाणं निविदेत लिहिणं सक्तीचं झालं. 'प्रसाद' हा शब्द सरकारी कागदात बसेना, म्हणून तिथे 'सकाळचा अल्पाहार' असं छापलं गेलं.

पुढच्या जूनमध्ये बोरवड्याची शाळा मुक्ताई गटाला परत मिळाली. एकच शाळा. हौसाबाईंनी मानेचा पट्टा काढला आणि पहिल्याच दिवशी दीपालीला म्हणाल्या, "आता ते पर्यवेक्षक का काय, ते तू व्हायचं. मी बसून काम करणार, आधीच सांगते." जिल्ह्यातल्या बाकी दोनशे अकरा शाळा वेगवेगळ्या ठेकेदारांकडे गेल्या, पण प्रत्येक ठिकाणी सकाळी ओंजळभर काहीतरी मिळू लागलं. कुठे लाह्या, कुठे चिक्की, कुठे उकडलेला हरभरा.

सतरा क्रमांक कोण, हे शेवंताबाईंनी कधी विचारलं नाही. सातपुतेबाईंनी एकदा फोनवर एवढंच सांगितलं, की आता अकरा वाजता तो अठ्ठावीसवर असतो. नियमाला तुमचं नाव द्यावं असं सुचवलंय, असंही त्या म्हणाल्या. शेवंताबाईंनी फोनवरच हात झटकला. "माझं कशाला? लाह्या काय मी शोधल्या व्हय?"

म्हणून नियमाला नाव नाही, नुसता क्रमांक आहे. दोनशे अकरा शाळांतल्या पोरांना वाटतं, शाळा म्हटली की असंच असतं. हे चांगलंच आहे, पोरांना तसंच वाटावं. पण तुम्ही इतका वेळ ऐकलंत, तर माझं एक मागणं आहे. उद्या ताटावर बसाल, देवाचं नाव घ्याल, तेव्हा त्याच्या मागोमाग बोरवड्याच्या शेवंताबाई कोळेकरांची एकदा आठवण करा.